नऊ ठिपके

पाटीवर नाव नवऱ्याचं असलं तरी बाजारातल्या बायका आपले बिघडलेले मोबाइल घेऊन यायच्या त्या भिंगवालीसाठी. हे नाव तिला गिऱ्हाइकांनीच दिलं होतं. मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर वाकून मोहरीएवढे सुटे भाग डाग देऊन बसवण्यात तिचा हात धरेल असं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. पुढे काउंटरवर नवरा बसायचा. गोडबोल्या माणूस. बाईमाणूस दिसलं की तो स्वतःहून आत हाक मारायचा, "अगं, ताईंचा फोन बघ जरा." मग ती बाहेर येऊन चिठ्ठी लिहायची. कामाचा नंबर, तक्रार, संपर्काचा नंबर आणि खाली छापलेले नऊ ठिपके. त्या ठिपक्यांवर गिऱ्हाइकाने आपल्या फोनच्या लॉकची रेघ काढून द्यायची. एखादी पेन हातात घेऊन घुटमळली, तर भिंगवाली म्हणायची, "काळजी करू नका, आत मीच बसते." आणि ती बाई निर्धास्त होऊन रेघ ओढायची.

त्या दिवशी घरचं आवरून ती दुकानात आली, तेव्हा नवरा काउंटरवर त्यांच्याकडे काम शिकणाऱ्या पुतणीला बसवून घाऊक बाजारात माल आणायला गेला होता. पुतणीला चहा प्यायला पाठवून भिंगवालीने खण उघडला. वर सिस्टरचा फोन होता. सिस्टर म्हणजे चौकापलीकडच्या दवाखान्यातली नर्स. चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून आदल्या दिवशी फोन देऊन गेली होती आणि आज चार वाजता न्यायला येणार होती. भिंगवालीने पिन बदलून, फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून ठेवला होता. आता हातात घेतला तर कोमट लागला. चालू होता आणि बॅटरी एकाहत्तर टक्के.

तिला आधी आपल्याच कामाची शंका आली. कुठेतरी करंट गळत असेल म्हणून तिने मीटर लावला. काही गळत नव्हतं. मग पिन भिंगाखाली धरली. तिने स्वतः एकदाच केबल घातली होती, पण पिनेत चारपाच वेळा घालून काढल्याचे ताजे ओरखडे होते. नवरा रोज सकाळी फिरायला जातो म्हणून तासभर आधी घराबाहेर पडायचा. तब्येतीची किती काळजी घेतात, असं तिने चारचौघींत कौतुकसुद्धा केलं होतं. आता ते आठवून तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

काउंटरवरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड तिला माहीत होता. त्यांच्या लग्नाची तारीख. आत 'जुने बिल' नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात शेकडो फोल्डर, प्रत्येकाला कामाचा नंबर. तिनेच चिठ्ठीवर घातलेले नंबर. चारशे बारा सिस्टरचा. तिने तो उघडला आणि एकच फोटो पाहिला. काखेखालून छातीपर्यंत गेलेले टाके होते, अजून ओले, बाजूला तारीख लिहिलेला कागद धरलेला. ऑपरेशननंतर डॉक्टरांना पाठवायला बाईने स्वतःच काढलेला असणार. असे रोजचे बरेच दिसत होते. पुढचे तिने उघडले नाहीत.

शेजारच्याच खिडकीत नवऱ्याचा मेसेजचा ग्रुप उघडा होता. ग्रुपचं नाव 'मॉर्निंग वॉक'. चष्मेवाला, औषधवाला, कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला, म्हणजे ज्यांना ती रोज दारात उभी राहून 'कसं काय भाऊ' विचारायची ती सगळी साळसूद मंडळी तिथे हजर. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नवऱ्याने टाक्यांचा तो फोटो टाकला होता. खाली चष्मेवाल्याने लिहिलं होतं, 'दहापैकी तीन. शिवणकाम कच्चं.' त्यावर औषधवाल्याची हसरी तोंडं. तीच तोंडं गल्ल्यामागे बसून बायकांना 'बरं वाटतंय ना आता?' असं विचारायची.

भिंगवाली मोरीत गेली. चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं.

काम झालेल्या चिठ्ठ्या भिंतीवरच्या तारेला अडकवलेल्या असत. तिने तार काढली आणि एकेक चिठ्ठी पाहू लागली. पिन सैल, रेघ काढलेली. पिन सैल, रेघ काढलेली. पिन बदलायला लॉक उघडावंच लागत नाही. वायर लावली की बंद पडद्यावरही चार्जिंगची खूण दिसते. हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. पण नवरा म्हणायचा, आपण कॅमेरा, स्पीकर, सगळं तपासून देतो, म्हणून नाव आहे आपलं. आणि ती नंदीबैलासारखी मान हलवत आली होती. मग एक चिठ्ठी नवऱ्याच्या अक्षरातली निघाली. नणंदेच्या फोनची. तक्रार तीच, पिन सैल. खाली नऊ ठिपक्यांवर एक मोठी फुली आणि शेजारी लिहिलेलं, 'घरचे, लॉक नको.'

ती चिठ्ठी तिने ब्लाउजमध्ये खोचली. बाकीच्या पिशवीत भरल्या. मग स्क्रू-ड्रायव्हर घेतला, कॉम्प्युटर बंद करून त्याचं झाकण काढलं, चार स्क्रू सोडवून हार्ड डिस्क बाहेर काढली आणि पातळ फडक्यात गुंडाळून त्याच पिशवीत तळाशी ठेवली. पुतणी परत आली तेव्हा तिने तिला सरळ घरी पाठवून दिलं.

नवरा साडेतीनला आला. उघडं पडलेलं झाकण बघून त्याचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच लोण्यासारखा.

"हे काय गं? काय बिघडलं?"

"पिन बदलायला लॉक कशाला लागतं हो?"

"अगं, तपासायला. आज नवीन आहेस का दुकानात?"

तिने नणंदेची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. त्याने ती पाहिली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"ती घरची आहे," तो म्हणाला.

"आणि ह्या सगळ्या?"

"गिऱ्हाईक." मग घाईघाईने, "हे बघ, कुणाला हात लावलाय का मी? कुणाचं काय गेलं? चार मित्रांत गंमत असते. पुरुषांचं चालतं असं काहीतरी."

वीस वर्षं ह्या माणसाच्या ताटात तिने गरम गरम वाढलं होतं. आता त्याच्या तोंडाकडे बघवेना. तो जवळ सरकला. "डिस्क दे. सिस्टरला फोन देऊन टाक आणि गप्प बस. नाहीतर आधी तुझंच नाव येईल. चिठ्ठ्यांवर अक्षर कुणाचं आहे? 'आत मीच बसते' कोण म्हणायचं?"

तो खोटं बोलत नव्हता. अर्धं दुकान तिच्या तोंडच्या त्या एका वाक्यावर चाललं होतं. तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि सिस्टरचा फोन घेऊन बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. भर बाजारात तो तिच्या अंगाला हात लावणार नव्हता. त्याला लोकांत नाव जपायचं होतं.

सिस्टर चारच्या ठोक्याला आली. भिंगवालीने तिला पायरीवरच सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, मध्ये रडली नाही, चष्मेवाल्याचं वाक्य तेवढं गिळलं.

सिस्टरने आधी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही पाहिलंत?"

"एक."

सिस्टरने तिच्याकडे जसं पाहिलं, तसं तिने सकाळपासून मनातल्या मनात नवऱ्याकडे पाहिलं होतं. आपण सगळं सांगून टाकलं की बाई निदान आपला हात धरेल, असं कुठेतरी तिला वाटत होतं. तिने फोन पुढे केला.

"तिथे ठेवा," सिस्टर म्हणाली.

भिंगवालीने तो पायरीच्या कठड्यावर ठेवला. सिस्टरने पर्समधून स्पिरिटचा कापूस काढला, फोन पुढून-मागून पुसला, कडा पुसल्या, नवी पिनसुद्धा पुसली आणि मगच उचलला. कापूस कठड्यावर तसाच टाकला. "चला पोलिसात," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. वाटेत भिंगवाली दोनदा बरोबरीला आली. दोन्ही वेळा सिस्टरने पाय उचलला.

ठाण्यात सायबरचं काम बघणारा अंमलदार पंख्याखाली बसला होता. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं अदबीचं. डिस्क त्याने उलटसुलट करून पाहिली, चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि एक फॉर्म सिस्टरपुढे सरकवला. तिचं नाव, पत्ता, तक्रार. सिस्टर भरभर लिहीत गेली आणि तळाशी येऊन थांबली. तिथे नऊ ठिपके छापलेले होते.

"लॉक काढून द्या मॅडम," अंमलदार म्हणाला. "फोन ठेवून जा दोन दिवस. काय काय गेलंय ते बघावं लागेल ना आम्हाला." त्याच्या मागच्या टेबलावरचे दोघे बोलायचे थांबले आणि त्यांनी खुर्च्या जरा इकडे वळवल्या.

सिस्टरचं पेन पहिल्या ठिपक्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. भिंगवालीने अशी थबकलेली पेनं शेकड्याने पाहिली होती. अशा वेळी काय बोलायचं, तेही तिला पाठ होतं.

तिने फॉर्मवर तळहात ठेवला. ठिपके झाकले गेले.

"लागत नाही," ती म्हणाली.

"काय लागत नाही?"

"लॉक. जे गेलंय ते ह्या डिस्कमध्ये आहे आणि डिस्क तुमच्या टेबलावर आहे. फोन लागलाच तर बाईंच्या समोर, बाई अंमलदार बोलवा, लेखी घ्या. मी पंधरा वर्षं हेच काम करते, साहेब. मला सांगू नका."

अंमलदाराच्या तोंडावरची अदब उतरली. "आणि तुम्ही कोण?"

"आरोपीची बायको," ती म्हणाली. "चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं आहे. तेही लिहून घ्या."

सिस्टरने पेन उचललं. तिच्याकडे पाहिलं नाही. पण तिचा हात फॉर्मवर भिंगवालीच्या हाताला लागला होता, आणि तो तिने पुसला नाही.