आधीच भरून ठेवलेलं ‘होय’

मी एक डेटाबेस आहे. माहिती जपून ठेवायची आणि कुणी विचारली की क्षणात काढून द्यायची, एवढंच माझं काम. पाथर्डीकडच्या एका धर्मादाय रुग्णालयात, नोंदणीच्या खिडकीमागच्या संगणकात मी राहतो. बावीस हजार रुग्णांच्या नोंदी माझ्याजवळ आहेत.

मला लिहिलं जगभरच्या लोकांनी. पण तेव्हा मी नुसते सुटे भाग होतो. ते जुळवून, लिनक्स या मोफत प्रणालीच्या संगणकावर एका आज्ञेत बसेल असं माझं पॅकेज बांधलं ते नगरच्या सावेडीत राहणाऱ्या धनश्रीताईंनी. त्या दिवसभर तंत्रनिकेतनात शिकवतात आणि उरलेल्या वेळात माझी देखभाल करतात. अकरा वर्षं, फुकट. माझी नवी आवृत्ती आली की आधी स्वतःच्या यंत्रावर मोडून बघतात, मगच इतरांना देतात.

यंदा त्यांना एक धोका दिसला. मी बावीस हजार नावं एकेक वाचत बसत नाही. वर्णक्रमाने लावलेली सूची ठेवतो आणि थेट त्या जागी जातो. नव्या लिनक्समध्ये तो क्रमच थोडा बदलला होता. सूची जुन्या क्रमाची राहिली, तर मी भलत्याच जागी बघणार आणि असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणार. म्हणून ताईंनी माझ्यात एक अडसर घातला. नवी आवृत्ती बसवताना मी थांबून विचारायचं: सूची नव्याने बांधायची सोय केलीत का?

माझ्या रुग्णालयासकट तीस रुग्णालयांचे संगणक सांभाळणाऱ्या अनिमेषचा त्यांना फोन आला. माझी एक प्रत ताईंच्या यंत्रावर उघडीच होती.

“मॅडम, तुमचं पॅकेज मधेच प्रश्न विचारत बसतं. अपडेट अडकलीय माझी.”

“दोन तास द्या प्रत्येक ठिकाणी. सूची बांधून होईल.”

“दोन तास ओपीडी बंद ठेवू? ट्रस्टी उलटा टांगतील मला.”

“रविवारी करा मग.”

“रविवारी माणूस कोण देणार? तुम्ही येता का?”

“येते. पत्ते पाठवा.”

पत्ते आले नाहीत. माझ्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात. शेकडो यंत्रं सांभाळणाऱ्यांसाठी केलेली ती सोय आहे. अनिमेषने एका फाईलमध्ये ‘होय’ लिहिलं आणि ती तीसही ठिकाणी पाठवली. कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवणारे साहेब या जिल्ह्याने पुष्कळ पाहिले. हा त्यांचाच धाकटा भाऊ. सोमवारी मी प्रश्न विचारला तेव्हा समोर माणूसच नव्हता, उत्तर मात्र हजर होतं. मी ते खरं मानलं आणि जुन्याच सूचीसकट पुढे गेलो. त्याच्या पडद्यावर तीसही रुग्णालयं हिरवी, म्हणजे ठीकठाक, दिसताहेत.

आज गुरुवार. दुपारी बायडाबाई आल्या. ऊसतोडीत कोयता लागून पाय चिघळलेला. सोबत नवरा, आसाराम. खिडकीत पंकजा सिस्टर होत्या.

“आजी, आधी कधी आला होता?”

“व्हय. दोन वरीस झालं. तवा एक सुई दिली अन् माजा दमच कोंडला. डागदर म्हनले, ही सुई परत घ्यायची न्हाई.”

“कुठली सुई?”

“आमाला काय ठावं? ते म्हनले, मशिनीत लिवलंय, चिठ्ठीची गरज न्हाई.”

सिस्टरांनी नाव टाकलं. मी सूचीत गेलो, नव्या क्रमाने जिथे असायला हवं तिथे बघितलं आणि सांगितलं: नोंद सापडली नाही.

“मशिनीत नाही आजी. दुसऱ्या दवाखान्यात झालं असेल.”

“हितंच झालतं, बाई.”

“मशीन कशी विसरेल?”

“तिला कुठं सुई टोचली हुती,” आसाराम म्हणाले. “जिला टोचली ती सांगतीया की.”

सिस्टर हसल्या. मागे रांग होती. नवा केसपेपर निघाला आणि ॲलर्जीच्या रकान्यात ‘नाही’ पडलं.

डॉक्टरांनी आत्ताच इंजेक्शन लिहिलं. तेही माझ्यातच नोंदवलं आहे: अडीच वाजता द्यायचं. औषध तेच. दोन वर्षांपूर्वीची नोंदही माझ्याजवळ आहे, एक अक्षर न हरवता, पण ती मागायला कुणी येणार नाही, कारण मी एकदा ‘नाही’ म्हणालो आहे.

दोन वाजून बावीस मिनिटं झाली. मला आपणहून हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या वॉर्डात असाल तर सिस्टरांचा हात धरा. बाई खरं सांगत होत्या.