वकीलबाईचे मनोगत

मित्रांनो, मी कॉलेजच्या व्हरांड्यातला एक जुना सूचनाफलक आहे. माझ्यासमोर उभे राहून तुम्ही कितीदा तरी केस सारखे केले असतील, कारण माझ्या काचेत चेहरा बरा दिसतो. मला त्याचे वाईट वाटत नाही. निदान तेवढ्या निमित्ताने कुणी थांबते तरी.

मला एका अबोल सुताराने घडवले. मागे मऊ पाटी, तिच्यावर ताणून बसवलेले हिरवे कापड, पुढे काचेची दोन दारे आणि त्यांना एक लहानसे कुलूप. काम संपल्यावर त्याने कापडावरून हात फिरवला आणि मला न्यायला आलेल्या शिपाईकाकांना सांगितले, की टाचणी सहज शिरली पाहिजे आणि आपोआप सुटता कामा नये, एवढेच याचे काम. ते काम मी इमानेइतबारे केले.

सुरुवातीची वर्षे माझ्या कौतुकाची होती. निकालाच्या दिवशी माझ्यापुढे पाय ठेवायला जागा नसायची. एकाने तर आपला नंबर पाहून काचेलाच कपाळ टेकले होते. तो हसत होता की रडत होता, ते मला आजवर कळलेले नाही. पुढे सगळे कळवणे मोबाइलवर गेले. माझ्या काचेवर कुणीतरी चघळलेले च्युइंगम चिकटवले, एक कोपरा तडकला, कापडाचा हिरवा रंग विटला. शिपाईकाका मात्र दर सोमवारी ओल्या फडक्याने मला पुसत राहिले.

एक रीत तेवढी टिकली. वर्ष संपताना विद्यार्थ्यांचा सरचिटणीस आपले मनोगत कागदावर लिहितो आणि ते माझ्या मधोमध लागते. अशी बावीस मनोगते मी अंगावर वागवली. खरे सांगायचे तर ती सगळी एकाच साच्यातली होती. प्राचार्यांचे आभार, शिक्षकांचे आभार, चुकले असेल तर क्षमा. काय चुकले, ते कुणीच लिहीत नसे. तेविसावे मनोगत आले, त्या वर्षाची ही गोष्ट.

त्या वर्षीची सरचिटणीस वाद घालण्यात पटाईत होती. शिक्षकांनाही ती मुद्द्यावरून हलू देत नसे, म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. तिची जिवलग मैत्रीण होती गोगलगाय. ती शर्यतीत कुणाच्या हाती लागत नसे, पण वसतिगृहातून आवरून बाहेर पडायला तिला तासभर लागे, म्हणून हे नाव. दोघी एका खोलीत राहत, एका ताटात जेवत आणि कॉलेजच्या रिले संघात पाठोपाठ धावत. तिसरी गोगलगाय, चौथी आणि शेवटची वकीलबाई.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम शर्यत सरचिटणीसपदाच्या निवडणुकीच्या चारच दिवस आधी आली. तिसऱ्या टप्प्याला आमचा संघ पुढे होता. गोगलगाय वाऱ्यासारखी आली, तिने बॅटन पुढे केला, आणि दोघींच्या हातांमधून तो खाली पडला. शर्यत गेली. माझ्यापासून मैदान दिसत नाही. पण दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात दुसरा विषयच नव्हता.

गोगलगायीचा मामेभाऊ निवडणुकीत वकीलबाईच्या विरोधात उभा होता. मग काय, लोकांनी दोन आणि दोन पाच केले. हिने मुद्दाम बॅटन सोडला, मैत्रिणीला तोंडघशी पाडले. "गोगलगाय अन् पोटात पाय," असे कुणीतरी माझ्यासमोर म्हणाले आणि सगळे हसले. वकीलबाई तेव्हा तिथेच होती. ती हसली नाही, पण बोललीही नाही. एरवी पैजेवर वाद घालणारी मुलगी, त्या दिवशी तिच्या तोंडाला कुलूप होते.

लोकांना वकीलबाईची दया आली आणि ती तेवीस मतांनी निवडून आली. तिच्या विजयाचे पत्रक माझ्यावर लागले. त्याच आठवड्यात क्रीडाशिक्षकांनी संघाची नवी यादी लावली. तिच्यात गोगलगायीच्या नावावर लाल रेघ होती. तिने खोली बदलली, मैदानावर जाणे सोडले. व्हरांड्यातून जाताना ती माझ्याकडे पाहत नसे. मी काय करणार, मित्रांनो? जे टोचतील ते धरून ठेवायचे, हाच माझा धर्म. पण ती यादी मला सलत होती.

वर्ष सरले. परीक्षा आटोपल्या. एका दुपारी वकीलबाई कागद घेऊन आली आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसली. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हते. तिने कागद वाचला, फाडला, दुसरा काढला. आभाराच्या तीन ओळी लिहिल्या आणि तोही फाडला. मग मात्र ती मान वर न करता लिहीत राहिली. शेवटी तिने शिपाईकाकांना हाक मारली.

काकांची सवय अशी, की लावण्यापूर्वी ते प्रत्येक कागद वाचतात. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"पोरी, शिक्का लागेल याला. आणि एकदा लागला की मी काढणार नाही," ते म्हणाले.

"काढायचा असता तर लिहिला नसता, काका."

ती प्राचार्यांच्या खोलीत गेली. खोलीचे दार माझ्या डाव्या अंगाला आहे आणि उन्हाळ्यात ते उघडेच असते. प्राचार्यबाईंनी वाचून चष्मा टेबलावर ठेवला. कॉलेजचे नाव, पुढच्या वर्षीची स्पर्धा, पालक काय म्हणतील, असे सगळे त्यांनी शांतपणे समजावले. मधला परिच्छेद गाळता येईल का, असेही विचारले. वकीलबाई नाही म्हणाली. पद सोडायची तयारी आहे, हेही तिने सांगितले.

"आठ दिवस उरलेत तुझ्या पदाचे. ते सोडायला काय जातंय?" प्राचार्यबाई म्हणाल्या.



"तेच लिहिलंय, बाई. शेवटची ओळ वाचा."

त्यांनी ती वाचली असावी. मग शिक्का उमटल्याचा आवाज आला.

तो कागद माझ्या अंगावर लागला, तेव्हा मला प्रथमच आपण काही लपवत नाही असे वाटले. त्यात तिने लिहिले होते:

"जगण्याबद्दल: वर्षभर मी आईला फोनवर 'सगळं ठीक आहे' असं सांगितलं. नव्हतं. रसायनशास्त्रात मी दोनदा नापास झाले आणि रात्रीचं जेवण एकटीने जेवले. राजकारणाबद्दल: आम्ही पाण्याची टाकी देऊ म्हणालो. टाकी आली, नळ अजून यायचा आहे. विरोधकांची पत्रकं फाडणारे आमचेच होते, मला ते माहीत होतं. खेळाबद्दल: त्या दिवशी बॅटन माझ्या तळव्यावर नीट आला होता. मी मूठ मिटली नाही, कारण मी प्रेक्षकांकडे पाहत होते. तिथे माझ्या नावाचा कापडी फलक वर केला होता. बॅटन मी पाडला. माझी मैत्रीण निर्दोष आहे. तिच्यावर आळ आला आणि मी गप्प राहून मतं घेतली. हे मी पद मिळण्याआधी लिहायला हवं होतं, पद जाताना लिहिते आहे. म्हणून कुणी याला धाडस म्हणू नये."

संध्याकाळपर्यंत माझ्यापुढे निकालाच्या दिवसासारखी गर्दी झाली. कुणी नाक मुरडले, कुणी म्हणाले आता कशाला हे शहाणपण. तिच्याच पॅनेलमधला एकजण कागद काढायला आला, तर काच बंद आणि किल्ली काकांच्या खिशात. ते शेजारच्या स्टुलावर बसून शेंगदाणे खात होते. त्याने किल्ली मागितली, तेव्हा त्यांनी शेंगदाणे पुढे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोगलगाय आली. ती मनोगत वाचायला आली नव्हती. शेजारच्या खिडकीवर कारकूनकाकांकडे कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला आली होती. दुसऱ्या गावात मावशीकडे राहून पुढे शिकायचे तिने ठरवले होते. खिडकीसमोर रांग होती, म्हणून ती माझ्यापुढे उभी राहिली आणि तिची नजर वर गेली.

मी तिचा चेहरा अगदी जवळून पाहिला. तिने कागद संपवला. बॅटनच्या ओळीवर परत आली. मग तिने काचेला हात टेकला आणि खूप दिवसांनी कुणीतरी पाठीवरचे गाठोडे उतरवावे, तसा एक लांब श्वास सोडला.

वकीलबाई खांबाशी उभी होती. ती पुढे आली.

"तू मूठ मिटली नव्हतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं," गोगलगाय म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहिली."

 वकीलबाई तिथेच रडू लागली. गोगलगायीने तिला जवळ घेतले नाही, पण ती निघूनही गेली नाही. अजून राग आहे आणि तो एका कागदाने जायचा नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. तेवढ्यात कारकूनकाकांनी तिचे नाव पुकारले. ती खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "अर्ज राहू द्या, काका. आज दाखला नको."

त्या दुपारी क्रीडाशिक्षक आले. त्यांनी मनोगत उभ्या उभ्या वाचले, काकांकडून किल्ली घेतली आणि ती जुनी यादी स्वतःच्या हाताने काढली. तिच्या टाचण्या गंजल्या होत्या. त्या निघताना माझे कापड जरा फाटले, पण खरे सांगतो, इतके हलके मला नवा असतानाही वाटले नव्हते. नवी यादी लावण्यापूर्वी त्यांनी गोगलगायीला बोलावून विचारले, तू धावशील का. तिने लगेच होकार दिला नाही. विचार करून सांगते म्हणाली. दोन दिवसांनी येऊन तिने तिसऱ्या क्रमांकावर आपले नाव स्वतः लिहिले. चौथ्या क्रमांकावर कोण, हे तिने विचारले नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकेन असे नाही. माझ्या जागी चकचकीत पडदा लावायचे घाटते आहे, आणि लावावाच. फक्त एवढे करा. कुणाच्या नावाचा कागद भिंतीवर दिसला, तर तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, उगाच फाडू नका आणि अर्धवट वाचून हसू नका. आणि तुम्हाला कधी आपली चूक लिहायची वेळ आली, तर वर्ष संपायची वाट पाहू नका. ज्याच्यावर आळ आहे, तो रोज त्याच व्हरांड्यातून जात असतो.