निळं आभाळ मागितलं कुणी?

त्या गोकुळचं थोबाड बघायची माझी अजिबात इच्छा नाय. फ्लेक्सचं दुकान टाकलं म्हणून माणूस काय आभाळाचा मालक होतो व्हय?

आमचे हे, राजकुमार, जन्मभर लग्नाचे फोटो काढून संसार ओढत आले. पण जीव सगळा आभाळात. ढग दाटले की गिऱ्हाईक सोडून निघाले हर्सूलच्या तलावावर! मी लई भांडायचे. "चांगल्या उन्हात काय धाड भरते तुम्हाला?" हे म्हणायचे, "रत्ना, उन्हात सगळंच बरं दिसतं." मग साखरेनं डोळे खाल्ले. एक गेला, दुसरा अंधुक झाला. तेवढ्या अंधुक डोळ्यानं एका काळ्याकुट्ट सकाळी त्यांनी तलावाचा शेवटचा फोटो काढला. पुढं तो डोळाही गेला.

आमच्या विहारातल्या मंडळींनी तोच फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचं ठरवलं. छपाईचं काम यांच्या जुन्या दोस्ताला, गोकुळला दिलं.

कार्यक्रमात पडदा सरकला आन् माझं डोकंच फिरलं. आभाळ निळंशार! ढगाचं नामोनिशाण नाय. मेल्यानं कॉम्प्युटरवर आभाळच बदललं होतं. खाली पाणी मात्र काळंच राहिलेलं, तेवढीसुद्धा अक्कल नाय.

टाळ्या पडल्या. "काय निळं आभाळ हाय बाई!" विहारातली आशाबाई मोठ्यानं बोलली. यांनी माझा हात घट्ट धरला. "निळं? माझ्या फोटोत निळं कुठून आलं?"

गोकुळ लगबगीनं माझ्या कानाशी आला. "वहिनी, सांगू नका. शुभ कार्यात काळं कशाला, म्हणलं. भाऊला कुठं दिसणार हाय?"

कुठं दिसणार हाय! माझ्या अंगाची लाही लाही झाली. खोटं बोलले असते तर यांचं मन राहिलं असतं, कार्यक्रमही सुखाचा झाला असता. पण आता यांना जग दिसतं ते माझ्या सांगण्यातून. तेच खोटं निघालं तर ह्या माणसाला उरलं काय?

"आभाळ बदललंय तुमचं!" मी सगळ्यांदेखत ओरडले. "ढग पुसून टाकले ह्या गाढवानं! गोकुळ, उद्या खरा फोटो नाय लावलास तर तुझ्या दुकानात येऊन बसते बघ!"

यांचा चेहरा असा उतरला की मलाच रडू फुटलं. घरी आल्यावर जेवले नाय.

सकाळी मात्र कॅमेरा आणून माझ्या गळ्यात अडकवला. "चल."

तलावावर आभाळ गच्च होतं. मी कॅमेरा धरला, हे मागं उभे.

"कसं हाय?"

"कसं असणार? जुन्या वाकळीसारखं. मळकट."

"उजेड कुठून फुटलाय?"

"कुठूनच नाय."

"मग थांबू."

थांबलो. पाय भरून आले, वरून चिरचिर पाऊस सुरू झाला. हे सारखं विचारायचे, "फुटला का गं?" एकदा वाटलं, म्हणावं फुटला आन् जावं घरी. पण जीभ वळेना.

"नाय फुटला," मी चिडूनच म्हणलं. "आन् आज फुटणारबी नाय. सगळं काळंच हाय!"

"सगळं?"

"सगळं."

हे हसले, कालपासून पहिल्यांदा. चाचपडत माझ्या बोटावर बोट ठेवलं. "मग तेच काढू," म्हणाले आन् बटण दाबलं.