प्रत्येक कोंबडी आजारी

भाईंदर पूर्वेला, खारीगावामागच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये हरिश्चंद्र परुळेकरांचा एक गाळा होता. १९९३ साली तिथे कोंबड्यांच्या सर्दीची टेस्ट बनत असे. ही सर्दी एका कोरोनाव्हायरसमुळे होते. ते नाव तेव्हा पोल्ट्रीवाल्यांखेरीज फारसं कुणाच्या कानावर नव्हतं. सशांना विषाणू टोचायचा, महिन्याभराने त्यांच्या रक्तातून अँटिबॉडी काढायच्या आणि बारीक पांढऱ्या कणांवर चढवायच्या. काचेवर कोंबडीच्या घशातला द्रव आणि हे कण एकत्र केले, की विषाणूचं प्रथिन असल्यास गुठळ्या धरतात. गुठळी म्हणजे आजार.

हे सगळं नीलिमा सावंत करायची. एमएस्सी झालेली, लालबाग सोडून भाईंदरला राहायला आलेली. परुळेकर सह्या करायचे.

नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात नीलिमाच्या लक्षात आलं, की टेस्ट कधी निगेटिव्ह येतच नाही. ठणठणीत कोंबडीही आजारी ठरते. तिने घरून आणलेल्या अंड्याचा पांढरा भाग काचेवर टाकला, तर त्यालाही सर्दी निघाली. विषाणू अंड्यात वाढवलेला आणि घाईघाईत, नीट न धुता टोचलेला. म्हणून सशांनी अंड्याच्या प्रथिनांविरुद्धही अँटिबॉडी केल्या होत्या, आणि त्यातली काही प्रथिनं प्रत्येक कोंबडीच्या अंगात असतात.

तिने परुळेकरांना उपायही सांगितला. सीरममध्ये, म्हणजे सशांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींच्या द्रवात, अंड्याचं प्रथिन मिसळायचं, नको त्या अँटिबॉडी त्याला चिकटून खाली बसतात, वर राहतात त्या फक्त विषाणू धरतात. परुळेकरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लोक विषाणू शोधायला टेस्ट घेतात," ते म्हणाले. "आपल्याकडे तो सापडतो. मग तक्रार कोणाची आहे?"

शिवाय त्या सर्दीच्या लशीची एजन्सी त्यांच्या मेहुण्याकडे होती.

तक्रार घेऊन आल्या अनसूया पाटील. जवळच्या मुर्धा गावच्या, आठशे कोंबड्या पाळणाऱ्या. त्यांच्या सगळ्या कोंबड्या पॉझिटिव्ह आल्या होत्या आणि सगळ्या मारून पुरायचा आणि नव्या पिल्लांना लस टोचायचा सल्ला मिळाला होता. पण एकही कोंबडी शिंकत नव्हती, अंडी रोजच्याइतकीच मिळत होती. परुळेकर बाहेर गेले होते. नीलिमाला अनसूयाबाईंच्या तोंडाकडे बघवेना. ती सामान पिशवीत भरून त्यांच्याबरोबर मुर्ध्याला गेली. तिथे तिने आधी कोंबड्या तपासल्या, मग दुकानातून आणलेलं अंडं. त्या अंड्याच्याही गुठळ्या झाल्या. अनसूयाबाईंनी काच उचलून उजेडात धरली.

"म्हंजे तुमची टेस्ट कोंबडी हाय का न्हाय येवडंच सांगते," त्या म्हणाल्या. "त्ये तर मला बगून कळतं."

पुढच्या आठवड्यात घोडबंदरला पोल्ट्रीवाल्यांसमोर परुळेकरांचं प्रात्यक्षिक होतं. अनसूयाबाई अंडं घेऊन गेल्या आणि सगळ्यांसमोर तपासायला लावलं. लोक हसून हसून बेजार झाले. परुळेकरही हसले. परत आल्यावर त्यांनी नीलिमाला कामावरून काढलं, कारण गाळ्यातली गोष्ट बाहेर गेली होती.

दोन महिन्यांनी त्यांचाच निरोप आला. भाईंदर पश्चिमेला अंडं न खाणाऱ्यांची वस्ती वाढत होती आणि बेकऱ्यांना 'एगलेस' केकची खात्री हवी होती. परुळेकरांनी तोच माल नव्या डब्यात घालून 'अंडे-शोधक' म्हणून काढला होता आणि तो हातोहात खपत होता. एका उद्योजक मंडळाने त्यांना शाल-श्रीफळही दिलं. पण सीरम संपत आलं होतं आणि इतकं अशुद्ध सीरम पुन्हा कसं करायचं, ते दुसऱ्या कुणालाच जमेना.

नीलिमाने अट घातली, की आधी कोंबड्यांची टेस्ट नीट करणार. परुळेकर म्हणाले, "करा की, फावल्या वेळात."

तिने ती फावल्या वेळातच केली. सहा आठवड्यांनी अनसूयाबाईंच्या कोंबड्यांचे नमुने आणून तपासले, तर काचेवरचा थेंब दुधासारखा एकसंध राहिला, एकही गुठळी नाही. शेजारच्या काचेवर खरा विषाणू टाकला, तेव्हा क्षणात गुठळ्या धरल्या. तिला इतका आनंद झाला की तिने दोन्ही काचा तशाच उचलून केबिनमध्ये नेल्या.

परुळेकरांनी चष्मा लावून पहिली काच नीट पाहिली.

"छान आहे," ते म्हणाले. "पण सगळं निगेटिव्हच यायला लागलं, तर लस कोण घेणार?"