लॉगिनच्या पडद्यावरचा रेइनो

तीन वाजायच्या आत आयली आत्याच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. अर्धं गाव लोटलं होतं. बूट दाराशी, कॉफीचे कप मांडीवर, आणि सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर.

आत्मे बोलावून आजार बरे करण्याच्या सभा भरवणाऱ्या मर्ल स्ट्राउडने इंटरनेटची वायर उपटून उंच धरली. "बघा मंडळी! पलीकडून येणाऱ्याला तार लागत नाही!" मग तो किबोर्डवर वाकला, माऊस हलवला, पासवर्ड टाकला आणि डोळे मिटले. "ये रेइनो, ये!"

पडदा काळा झाला. एकेक पांढरं अक्षर उमटू लागलं.

'मुइक्कू, मी आहे. गुरुवारी त्यांना छाती उघडू देऊ नकोस. मर्लच्या हातात गुण आहे.'

कोणीतरी हुंदका दिला. आत्याने रुमाल तोंडावर दाबला.

रेइनो आतोबा मार्चमध्ये गेले. त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स त्यांनीच बसवलं होतं. आता गुरुवारी डुलुथच्या इस्पितळात आत्याच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होतं. टाळलं तर नाताळ दिसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि आत्या म्हणत होती, "उद्या फोन करून नाही म्हणून सांगते."

मला बसवेना, उभंही राहवेना. मुइक्कू म्हणजे फिनिश भाषेत बोटभर चंदेरी मासळी. आतोबा लाडाने आत्याला तसं म्हणायचे, तेही घरातच. मर्लला कसं कळलं? आणि एकदम आठवलं. ऑगस्टमध्ये त्याने मला मासे धरायला नेलं होतं, तेव्हा मीच बडबडलो होतो. त्याच आठवड्यात 'जरा वेगवान करून देतो' म्हणून मशीनही त्याने घरी नेलं होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन सिग्ने लाहती बाईंना फोन केला. शाळेत आम्हाला कॉम्प्युटर त्यांनीच शिकवला. राहतात दोन घरं सोडून. पाच मिनिटांत पिठाच्या हातांनी हजर.

"मर्ल, पुन्हा बोलाव बघू त्याला."

"बाई, आत्मा म्हणजे काय पिझ्झा आहे, हवा तेव्हा मागवायला?"

"मग मी बोलावते. आयली, रेइनोचा पासवर्ड सांग."

बाईंनी मशीनवर स्वतःच्या नावाचं नवं खातं उघडलं आणि लॉगिनच्या पडद्यावर परत आल्या. कोपऱ्यातल्या चाकाच्या चित्रावर क्लिक करताच एक यादी उघडली. "आत शिरल्यावर कुठला डेस्कटॉप उघडायचा, ते इथून निवडता येतं. याला सेशन म्हणतात. नेहमीचा हा वरचा. आणि खाली हा 'शांती' कोणी घातला?"

त्यांनी 'शांती' निवडून स्वतःच्या खात्यात लॉगिन केलं. पडदा काळा.

'मुइक्कू, मी आहे. गुरुवारी...'

"अगं बाई! रेइनो मलाही मुइक्कू म्हणतोय! आयली, रागावू नकोस हं."

कोणीतरी फिसकन हसलं. मर्ल ओरडला, "अश्रद्ध बोटं लागली की लहरी बिघडतात!"

"लहरी नाहीत रे, फाइल आहे." बाईंनी ती उघडली. तारीख बघून त्या दिवसाची ओळ दाखवणारा दहा ओळींचा प्रोग्राम, आणि शेजारी सगळे निरोप ओळीने लिहिलेले. बाईंनी मोठ्याने वाचलं, "पुढचा मंगळवार. 'तळ्याकाठची केबिन मर्लच्या सभेला दे.' का रे, रेइनो आठवडाभर आधीच लिहून ठेवतो?"

मी बोललो, "आत्या, ते नाव त्याला मी सांगितलं."

आत्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली. "सरक, सिग्ने." आजची ओळ पुसून तिने एका बोटाने काहीतरी टाइप केलं, खात्यातून बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं.

'आयली, गुरुवारी जा.'

तीच काळी पाटी, तीच पांढरी अक्षरं. आत्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हे माझं आहे," ती म्हणाली. "आणि आधीचं सगळं मर्लचं. माझ्या रेइनोचं यात एक अक्षर नव्हतं." आणि ती रडली. सात महिन्यांत पहिल्यांदा, तो गेलाय हे मान्य करून.

मर्लने टोपी उचलली तेव्हा त्याला कोणी वाटही दिली नाही. माणसांना धक्के देत तो बाहेर पडला.

ऑपरेशन पाच तास चाललं. आत्या जगली. माझ्याशी बोलायला मात्र तिला वसंत उजाडावा लागला.

मर्ल दुसऱ्या गावी गेला असेल. म्हणून सांगतो. यंत्र बोललं तर हात जोडण्याआधी विचारा: हे कोणी लिहिलं, कुठे ठेवलं, आणि ऐकलं तर फायदा कोणाचा? आमच्या खोलीत त्या दिवशी चाळीस शहाणी माणसं होती. विचारणारी एकच निघाली, आणि तेवढ्याने एक जीव वाचला.