कोपऱ्यातला धागा

तीन वाजता धाकटीची पीएचडीची तोंडी परीक्षा होती आणि दोन वाजून दहा मिनिटांनी ताईला तो धागा दिसला.

ताई त्याच संस्थेत मायक्रोस्कोप चालवायची. पेशींचे फोटो काढायचे, नीटनेटके करायचे आणि संशोधकांच्या हवाली करायचे, हे तिचं बारा वर्षांचं काम. धाकटी बहीण वरच्या मजल्यावर संशोधन करायची. दुखावलेल्या मज्जापेशी एका औषधाने पुन्हा कामाला लागतात, असा तिचा दावा होता, आणि त्या दाव्याचा सगळा भार दोन चित्रांवर होता. औषध दिलेल्या पेशी हिरव्यागार उजळलेल्या, न दिलेल्या काळवंडलेल्या. शेंबड्या पोरालाही फरक कळावा.

परीक्षेसाठी चित्र मोठं करून हवं होतं, म्हणून ताईने दोन वर्षांपूर्वीच्या मूळ फाइली उघडल्या. औषध न दिलेल्या पेशींच्या फोटोत, अगदी कोपऱ्यात, कापसाचा एक धागा लखलखत होता. काचपट्टी पुसताना फडक्याचा राहिला असणार. तो कोपरा तिने तेव्हा कापून टाकला होता, चित्रात घाण दिसते म्हणून. पण कापण्याआधी सवयीने उजेड आपोआप जुळवणारं बटण दाबलं होतं. ते बटण बिचारं काय करतं? फोटोतली सगळ्यात झगझगीत वस्तू शोधतं आणि बाकी सगळं तिच्या मानाने अंधारात ढकलतं. धागा झगझगीत, म्हणून पेशी काळ्या.

तिने दोन्ही मूळ फोटोंना एकच उजेड लावून पाहिला. पेशी सारख्याच हिरव्या. औषध न दिलेल्या बाकीच्या काचपट्ट्याही त्याच दिवशी त्याच फडक्याने पुसलेल्या, त्यामुळे तिथेही तेच. धाकटीने आकडे मोजले होते तेही ताईने सुधारून दिलेल्या चित्रांवरूनच. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तुलना करायची तर दोन्ही फोटोंना एकच उजेड, हा या कामातला पहिला धडा. नवशिक्यांना तो शिकवणारी हीच शहाणी!

धाकटी सभागृहाबाहेर पुटपुटत येरझाऱ्या घालत होती. ताईने तिला जिन्याखाली ओढलं आणि लॅपटॉप दाखवला. तिला समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"आत्ता? आत्ता सांगतेस?"

"आत्ताच दिसलं गं."

"आणि दोन वर्षं काय डोळे मिटून बसली होतीस?"

 चूक ताईची होती आणि भोगणार धाकटी. याची तिला इतकी लाज वाटत होती, की तिला बहिणीकडे बघवेना.

"तुझ्या गाईडसरांना सांगू. परीक्षा पुढे ढकलतील."

"नुसती ढकलून भागतंय? निम्मा प्रबंध उडतो, ताई! आणखी वर्ष जाईल. नोकरीवाले महिनाभरसुद्धा थांबणार नाहीत." तिने लॅपटॉप मिटला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. मूळ फाइली कुणी मागत नाही."

"आणि ते औषध?"

"पुढे तपासेल की कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे कोण? असं चित्र बघितलं की सगळे माना डोलावतात. मी पण डोलावलीच ना."

तेवढ्यात सरांनी दारातून हाक मारली. धाकटीने ओढणी सारखी केली आणि ती आत गेली.

ताई शेवटच्या रांगेत बसली. पहिल्या रांगेत आई, ठेवणीतली साडी नेसून. धाकटी सुरेख बोलत होती. मग पडद्यावर ते चित्र आलं आणि सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. "किती छान हिरवंगार!" आई शेजारणीला म्हणाली, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई मात्र हसल्या नाहीत. "इतका स्वच्छ फरक क्वचित दिसतो," त्या म्हणाल्या. "या चित्रावर मी डोळे झाकून विश्वास ठेवू का?"

धाकटीने पडद्याकडे वळून पाहिलं. सांग ना बाळा, ताई मनात म्हणाली, सांगून मोकळी हो.

"चित्र माझ्या ताईने काढलंय," धाकटी म्हणाली. "ती मागे बसलीये. ती लबाडी करत नाही."

सगळ्या माना मागे वळल्या. ताईच्या मस्तकात तिडीक गेली. माझ्याच आड लपतेस होय! पण धाकटी हातातला कागद छातीशी धरून तिच्याकडेच बघत होती, आणि ते पाहून राग जिरला. आता नुसती हसून मान हलवली असती तरी निभावलं असतं.

ताई उठून उभी राहिली.

"लबाडी नाही केली," ती म्हणाली. "पण चित्र चुकलंय. औषधाने काही फरक पडलेला नाही. चूक माझी आहे. मूळ फाइली माझ्याजवळ आहेत."

सरांनी कपाळाला हात लावला. आई गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागली. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं आणि धाकटीला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही!" ताईच घाईघाईने ओरडली. "तिला काहीच माहीत नव्हतं." चारचौघांत इतकं धडधडीत खोटं ती जन्मात बोलली नव्हती.

धाकटीने कागद टेबलावर ठेवला. तिला रडू येत होतं आणि ते ती लपवतही नव्हती.

"माहीत होतं," ती म्हणाली. "आत येण्याआधीपासून. ताई, मूळ फोटो घेऊन इकडे ये. मी दाखवते त्यांना."