बाणा बाकी असलेली हिरवळ

फाल्गुनातल्या उतरत्या उन्हात आबांच्या मुठीतून खत सुटे, तेव्हा सुपातून ज्वारी सरकावी तसा एक बारीक, कोरडा आवाज गवतावरून धावत जाई. स्वयंपाकघराच्या जाळीआड उभी राहून मी तो ऐकत असे. आबांना मात्र तो कधीच ऐकू आला नाही. लिंबायतच्या यंत्रमागांच्या अखंड खटखटाटात त्यांचे कान कधीचेच गेले होते, आणि माझे हे सासरे हळूहळू शब्दांतून निघून हातवाऱ्यांत राहायला गेले होते. चहा हवा असला की अंगठा ओठांशी, सुनेवर खूश असले की तळहात हवेत उघडा. रागावले तर फक्त पाठ दिसायची.

गोडादऱ्याच्या आमच्या रो-हाउससमोर चार खाटा मांडता येतील एवढीच जागा. तिला लॉन म्हणणं म्हणजे उंदराला हत्ती म्हणणं, असं मी लग्न होऊन आले तेव्हा म्हटलं होतं, आणि आबांनी आठवडाभर मला पाठ दाखवली होती. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी कापड विणलेल्या त्या माणसाला उतारवयात स्वतःचं असं एक वस्त्र हवं होतं, आणि ते त्यांनी जमिनीवर अंथरलं होतं. थंडी सरली, गवताच्या पिवळ्या काड्यांच्या मुळाशी नवा हिरवा श्वास धरू लागला, की आबा बादलीत युरिया आणि कोरडी माती कालवत, त्याचे दोन वाटे करत आणि अनवाणी हिरवळीत उतरत. पहिला वाटा फाटकापासून ओट्याकडे, उभा. तो ताणा, कापडातल्या उभ्या धाग्यांसारखा. मग चहा. मग दुसरा वाटा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आडवा. तो बाणा, आडव्या धाग्यांसारखा. एकाच दिशेनं खत फेकलं तर गवतात गडद-फिके पट्टे उठतात, आणि कापडात पट्टा पडणं म्हणजे विणकराचं नाक कापलं जाणं.

शेजारचा जिग्नेश दरवर्षी कुंपणावरून ओरडायचा, "काका, आ लॉन छे के साडी?"

आबांना ओठांवरून सगळं कळायचं, आणि या एका प्रश्नाला ते तोंडानं उत्तर देत. "साडीच समज. जपीसन पाय ठेव."

गेल्या फाल्गुनात ताणा घालून ते ओट्यावर बसले आणि त्यांनी अंगठा ओठांशी नेला. मी चहा घेऊन आले, तेव्हा भिंतीला टेकून ते हिरवळीकडे पाहत होते. पाहताहेत, असंच मला बराच वेळ वाटत राहिलं. कपबशी त्यांच्या शेजारी ठेवून मी आत जाऊन कणीकसुद्धा मळली.

त्यांना शेवटची आंघोळ त्याच ओट्यावर घातली. ते पाणी पायरीवरून उतरून हिरवळीत गेलं आणि खताच्या दाण्यांना सर्वांत आधी तेच मिळालं. त्या गर्दीत कुणाला सुचणार! मला सुचलं ते दिवसपाणी उरकून पाहुणे पांगल्यावर, एका सकाळी फाटकापासून ओट्यापर्यंत गडद हिरवे पट्टे उभे राहिलेले पाहिले तेव्हा. माणूस राख होऊन तापीत गेला होता, आणि त्याच्या हाताचा झोक आमच्या दारात उगवत होता.

माझे यजमान सुनील हजिऱ्याच्या कारखान्यातल्या पाळीवरून आले, पाहून कसनुसे झाले. "माय, कसं पट्टा-पट्टा दिसी राह्यनं. उरेल खत टाकी देसू का?"

"हात नको लावू." आत्याबाई, माझ्या सासूबाई, उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "त्यासना बाणा बाकी शे. अर्धं काम टाकीसन त्या कधी गयात का?"

त्यांचं ते म्हणणं आम्ही दुःखाच्या खाती घातलं. पण त्या खरोखरच वाट पाहत होत्या. उरलेल्या वाट्याची बादली त्यांनी ओट्यावरून हलू दिली नाही. हवेतली ओल पिऊन खताचा तिच्यात दगड झाला. रोज दुपार कलली की त्या बादलीशेजारी चहाचा कप ठेवत आणि साय धरल्यावर उचलत. रडल्या नाहीत. परगावी गेलेल्या माणसाला कोण रडतं? मला त्यांची काळजी वाटे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या शांतपणाची भीतीही वाटे. हिरवळीवरून जाताना त्या गडद पट्ट्यांवर पाय देत नसत. पुढेपुढे मीही देईनाशी झाले.

मग चैत्रातली ती दुपार. सुनील कामावर, आत्याबाई आतल्या खाटेवर झोपलेल्या, फाटकाला कडी. दोरीवरचे कपडे चित्रातल्यासारखे निश्चल. आणि जाळीपलीकडून तो आवाज आला, बारीक, कोरडा, धावत जाणारा. मी पाहिलं. हिरवळीत कोणी नव्हतं. फक्त गवताची टोकं थरथरत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एका सरळ ओळीत. ओळ संपली. एक पाऊल टाकायला लागेल तेवढा अवकाश गेला, आणि ओट्याच्या बाजूला दुसरी ओळ थरथरू लागली. मी कुणालाही हाक मारली नाही. अंगावर काटा होता, पण त्याहून जास्त संकोच होता. कामात गढलेल्या माणसाकडे चोरून पाहू नये, एवढंच मनात आलं.

काही दिवसांत फिके पट्टे भरत गेले. आधी आडव्या रेषा दिसल्या, मग त्याही विरघळल्या, आणि एका सकाळी सारी हिरवळ एका रंगाची झाली. सुनील म्हणाले, मुळं पसरतात, खत पाण्याबरोबर सरकतं. असेलही. मी बादली पाहिली. आतला दगड जसाच्या तसा, त्याचा टवकाही उडालेला नव्हता.

आत्याबाई हळूच पायरी उतरल्या, गवतात बसल्या. कापडाचा पोत पाहावा तसा त्यांनी तळवा आधी उभा फिरवला, मग आडवा. मला वाटलं, त्या हसतील. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो येऊन गेला होता ना!

"झायं त्यासनं काम," त्या म्हणाल्या. "आते त्या नही येतीन, बाई."

आणि मग त्या रडल्या, तोंडात पदर कोंबून, आबा गेले त्या दिवशी रडायचं राहिलेलं सगळं. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. त्यांची आशा पुरी झाली होती, आणि पुरी झाली म्हणूनच संपली होती.

त्या दुपारी ओट्यावर कप ठेवला गेला नाही. हिरवळ आता इतकी एकसारखी आहे, की आबा कुठून कुठवर चालले आणि नेमके कुठे थांबले, हे मला शोधूनही सांगता येत नाही.